काकीच्या डाव्या कानापर्यंत

माझा डावा हात मोडला तेव्हा मी उरणच्या बाजूला कंटेनरचा ट्रेलर चालवत होतो. आमच्याकडे वडिलांपर्यंत भातशेती आणि मिठागर होतं, माझ्या पिढीत सगळे गाड्यांवर गेले. बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, कधी चार तास, कधी दहा. त्या दुपारी एका ड्रायव्हरने रांग मोडून माझ्यापुढे गाडी घातली. मी उतरलो, त्याच्या केबिनचं दार उघडलं आणि कॉलर धरून त्याला खाली ओढलं. त्याचे समोरचे दोन दात पडले. पडताना मी ते पाहिले आणि तरी मारत राहिलो. तो कसाबसा परत वर चढला. मी दार धरून ठेवलं होतं, त्याने ते दोन्ही हातांनी जोरात ओढून घेतलं. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या दारात चिरडलं.

प्लास्टर घालून घरी बसलो. आठवडा गेला असेल. सकाळी बायकोने एवढंच विचारलं, "डॉक्टर किती दिवस बोलला?" त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी प्लास्टरचा हात उगारला आणि खाली आणला. ती वाकली. हात भांड्यांच्या मांडणीवर बसला, अर्धी भांडी खाली आली. ताटं जमिनीवर फिरत राहिली, एकेक करून थांबली. बायकोने सगळी भांडी गोळा केली, धुतली, पुसून परत मांडणीवर लावली. मग हात पुसत म्हणाली, "तुम्ही ताईंकडे जा. तुमच्याबरोबर ह्या घरात मी आता न्हाय राहू शकत."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं घर रेवदंड्याच्या पुढे मुरुडच्या रस्त्यावर, एका खाडीकाठच्या गावात. घरामागे दोन खोल्या बांधून ती पर्यटकांना देते, जेवण स्वतः करते. तिने मला ठेवून घेतलं, पण पहिल्याच दिवशी बजावलं, "इथं पाहुणे येतात. आवाज चढवलास तर मी तुला माहेरचा म्हणून सोडणार न्हाय."

अलिबागला जाऊन प्लास्टर काढलं. बोटं काठीसारखी झाली होती. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले, नाहीतर बोटं अशीच राहतील. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो, त्यामुळे बोटं गेली की माझं कामच गेलं. तीन दिवस चेंडू दाबला. चौथ्या दिवशी दुखलं म्हणून कुंपणापलीकडे भिरकावला, तो कुत्र्याने नेला.

पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटावर एक युकुलेले पडलं होतं. कुणीतरी विसरून गेलं होतं, ताईने दोनदा फोन करूनही न्यायला कुणी आलं नाही. चार तारांचं, गिटारच्या पोरासारखं दिसणारं वाद्य. ताई म्हणाली, "चेंडू न्हाय तर हे दाब. बोटं तर हलतील." मी फोनवर व्हिडिओ लावला, खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या आणि छेडलं. आवाज आला तो रिकाम्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा. मी जोर लावला. तारा खरखरल्या. आणखी जोर लावला. दोन दिवस मी ते वाद्य अक्षरशः बडवत होतो. छातीशी आवळून धरायचं आणि बोटं आपटायची. तिसऱ्या दिवशी एक तार तुटली आणि तिचं टोक ओठावर बसलं. रक्त आलं. मी उठून ते विहिरीत टाकायला निघालो.

तेवढ्यात मधल्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "डायवर, कोणाचा गळा दाबतोस रे तिकडं?"

शेजारी एक म्हातारा-म्हातारी राहत. काका सगळी उमर जहाजावर आचारी होते. जहाजावरच्या फिलिपिनो खलाशांकडून ते हे वाद्य शिकले होते, त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचंही होतं, काळपट, घासून गुळगुळीत झालेलं. सत्तरी ओलांडलेली, पण मनगटं अजून जाड. त्यांनी माझं युकुलेले हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "लाकूड वाईट न्हाय. तूच वाईट हायस. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर बसलो. काकांनी त्यांच्याकडची जादा तार बसवली. मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, धर. मी नेहमीसारखं पोटाशी आवळलं. त्यांच्या हातात लाकडी कालथा होता, भात ढवळायचा. तो त्यांनी माझ्या कोपरावर हाणला.

"पाठचं लाकूड पोटाला चिकटवलंस तर ते हलणार कसं? ते हललं तर आवाज. हात नुसता टेकव. पडायला लागलं तर पट्टा बांध."

मी हात सैल केला. वाद्य घसरायला लागलं. त्यांनी सुतळीचा पट्टा करून गळ्यात अडकवला. तेवढ्यानेच आवाज बदलला, हे मी कबूल करतो. आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी दाखवलं की मधल्या भोकावर छेडायचं नाही, वाद्याची मान जिथे त्याच्या पोटाला मिळते तिथे छेडायचं, तिथे आवाज गोल येतो. खाली जाताना पहिल्या बोटाचं नख, वर येताना बोटाचं मांस. हात कोपरातून नाही, मनगटातून, हाताला पाणी लागलं की झटकतो तसा. हे सगळं ते एकदाच सांगायचे. दुसऱ्या वेळी कालथा बसायचा.

आठ दिवस मी मार खाल्ला. का खाल्ला ते मला अजून कळत नाही. आयुष्यात वडिलांनंतर मी कुणाचा मार खाऊन घेतला नव्हता. नवव्या दिवशी काका डाव्या हाताकडे वळले. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधोमध बोट ठेवलं की आवाज खरखरतो, पट्टीला खेटून मागच्या बाजूला ठेवलं की स्वच्छ येतो आणि जोरही कमी लागतो. माझं मोडलेलं बोट तिथवर पोचेना. वाकवलं की शेजारच्या तारेला लागायचं आणि ती मुकी व्हायची. काका म्हणाले, टोकावर उभं कर. मी केलं. पुन्हा मुकी. त्यांनी कालथा उचलला आणि त्या बोटावर मारला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. युकुलेले पट्ट्याला लोंबत होतं. माझ्या मुठीत त्यांचा सदरा होता, त्यांची पाठ भिंतीला, पाय जमिनीपासून सुटलेले. त्यांच्या घशातून बारीक आवाज येत होता. मग माझ्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर फटके बसायला लागले. वळून पाहिलं तर काकी होत्या, खराटा घेऊन.

"सोड," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

मी सोडलं. काका खाली बसले आणि खोकत राहिले. मी गडगा ओलांडून घरी आलो. ताईने सगळं ऐकलं होतं. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातानेच उठली आणि माझ्या थोबाडीत दिली.

चार दिवसांनी काकींनी बोलावलं. काका आत झोपले होते. काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. तिथे दात नव्हता.

"हा त्यांनी पाडला. थोरली पोटात होती तेव्हा." मग डाव्या कानावर हात ठेवला. "ह्या कानानं ऐकू येत न्हाय. एकच चापट होती. जहाजावरून घरी आले की पयले दोन दिवस बरे असायचे. आता म्हातारे झाले म्हणून कालथा घेतात."

 काकी हे सगळं तांदळाचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

"तुझा हात मी बघितला," त्या म्हणाल्या. "ओळखीचा हाय. तुला शिकायचं असेल तर माझ्यासमोर शिक. कालथा माझ्याकडं राहील. तू उठलास तर खराटा हाय."

तसं ठरलं. काका दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन बसले आणि जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू केलं. माझ्या तोंडाकडे ते बघत नव्हते, मी त्यांच्या गळ्यावरच्या वळाकडे बघत नव्हतो. काकी अंगणाच्या पलीकडे, चुलीजवळच्या पायरीवर बसायच्या, कालथा मांडीवर, डावा कान आमच्याकडे, मी छेडताना उजव्यावर तळहात. डावा कान अगदीच गेला नव्हता, त्याने थोडं, खूप थोडं यायचं. काकांनी त्याचीच परीक्षा केली. "तिकडं गेला पायजे आवाज," ते म्हणाले. "मारून न्हाय जाणार. मारलंस की तार धडपडते, आवाज उगवतो तिथंच मरतो."

मी एकेक तार वेगळी छेडून बघायला शिकलो. जी मुकी असेल तिचं बोट दुरुस्त करायचं, मग चारही एकत्र. डाव्या हाताची नखं अगदी कापली, उजव्या हाताचं एक वाढवलं. मोडलेलं बोट रोज तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकत होतं. एकदा काकांनी मला घराच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसवलं. दोन भिंतींवरून आवाज परत माझ्याकडे आला आणि मी दचकलो, कारण तो चांगला होता. भरलेला होता. मी हात थांबवला तरी क्षणभर तो राहिला.

"काय गं," काका ओरडले, "आलं?"

"न्हाय," काकी म्हणाल्या.

रोज हेच. मी छेडायचो, काका विचारायचे, त्या न्हाय म्हणायच्या. काकांच्या मानेची शीर हळूहळू फुगायला लागली. मला ती शीर ओळखता येत होती. माझ्या स्वतःच्या मानेत ती मी आतून ओळखतो.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी भर दुपार होती, वारा अजिबात नव्हता. माझा हात चांगला लागला होता. सलग तीन वेळा स्वच्छ वाजलं, चारही तारा, शेजारच्या वाडीतल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. काकांनी तीनदा विचारलं. काकी तीनदा न्हाय म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी मानही वर केली नाही.

चहाचं पातेलं काकांच्या शेजारी होतं. त्यांनी ते उचललं आणि फेकलं. काकींच्या भुवईवर बसलं. चहा गरम होता. त्यांनी चेहऱ्यावर हात धरले, बोटांतून चहा आणि रक्त दोन्ही गळत होतं, आणि एकही आवाज त्यांच्या तोंडातून आला नाही.

मी काकांना मारलं. दोनदा, मुठीने, नाकावर. हाड वाजलेलं ऐकू आलं. तिसऱ्यांदा हात वर होता तेव्हा काकींनी तो मागून धरला. एका हाताने आपली भुवई दाबून दुसऱ्या हाताने माझं मनगट. ताकद इतकी की मला हात खाली आणता येईना.

ताईच्या नवऱ्याने रिक्षा आणली. काकी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, भुवईवर ताईचा टॉवेल. मागे मी आणि काका, काकांच्या नाकाला माझा रुमाल. मुरुडपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. मध्येच मी म्हणालो, "काकी, मी तुमच्यासाठी..."

त्यांनी मान वळवली नाही. "माझ्यासाठी न्हाय. मी बोलावलं होतं तुला? तुला कोणाला तरी मारायचंच होतं. त्यांनी तुला कारण दिलं."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होती. तिने काकींना टाके घालता घालता विचारलं, कसं झालं. काका पटकन म्हणाले, "पाय घसरला."

"पाय न्हाय घसरला," काकी म्हणाल्या. "ह्यांनी मला पातेलं मारलं. आणि ह्यानं ह्यांना मारलं. दोन्ही लिहा."

डॉक्टरने हात थांबवला. काकांच्या तोंडाकडे मी तेव्हा बघितलं. नाकातून रक्त येत होतं, पण ते नुसते काकींकडे बघत राहिले होते, जणू घरातली एखादी वस्तू उठून बोलली.

डॉक्टरने दोन्ही लिहिलं. मग पोलीस आले. त्यांनीही लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना चौकीत बोलावून एका बाकावर बसवलं. दोन तास आम्ही त्या बाकावर होतो. साहेबांनी आधी त्यांना झापलं, मग मला. पुन्हा काही झालं तर सरळ आत टाकीन म्हणाले. बाहेर आल्यावर काका चालत निघाले, मी त्यांना रिक्षात बसा म्हटलं नाही.

काकी घरी परतल्या नाहीत. ताईकडच्या मागच्या खोलीत आठ दिवस राहिल्या, श्रीवर्धनची मुलगी न्यायला येईपर्यंत. डोळा सुजून मिटला होता, गालावर भाजल्याचा डाग होता. ताईने त्या खोलीचं आधी झालेलं बुकिंग रद्द केलं. मी त्यांच्यासमोर वाजवत नव्हतो. खरं तर वाद्याला हातच लावत नव्हतो. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "बोटं आखडतील. का थांबलास?"

मी आणलं. पहिल्या दोन वेळा तारा खरखरल्या. मग एकदा नीट वाजलं. सवयीने मी विचारलं, "आलं?"

"आलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी पण आलेलं. त्याच्या आदल्या दिवशी पण. येत होतं मला."

"मग न्हाय का म्हणत होतात?"

त्यांनी एक डोळा माझ्यावर रोखला. "एवढ्या वर्षांत तेवढंच एक माझ्या हातात आलं होतं. ते विचारणार आणि मी सांगणार. आलं की न्हाय ते फक्त मला ठाऊक. पातेलं बसेल हे मला माहीत होतं. तरी म्हटलं न्हाय."

त्या दिवशी मी खाडीवर जाऊन बायकोला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं, काकांच्या नाकासकट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "हे तुम्ही मला कशाला सांगताय?"

"मला सांगायचं होतं की मी पण तसाच..."

"ते मला माहीत हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी वाकले म्हणून वाचले. तुम्ही थांबला न्हवतात."

मांडणी मध्ये आली, नाहीतर मी थांबलोच असतो, असं मी मनाशी इतके महिने धरून चाललो होतो.  तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जेवलात काय?"

काकी श्रीवर्धनला गेल्या. काका एकटे राहिले, बेकरीतून पाव आणायचे आणि चहात बुडवून खायचे. आयुष्यभर शंभर शंभर माणसांचं जेवण केलेला माणूस स्वतःपुरता भात लावत नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी गडगा ओलांडून गेलो. नाक थोडं वाकडं बसलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून की चालता हो म्हणून ते कळलं नाही. मग म्हणाले, "ती काय बोलली? कधी येते?"

"येणार न्हाय म्हणाल्या."

ते चुलीजवळच्या काकींच्या पायरीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वर येताना अजून तुझं नख लागतं. मांस लागू दे." आणि आत गेले.

बायकोने घरात घेतलं, पण अटी घालून. ओटीवर झोपायचं. आवाज चढला की ताईला फोन जाणार आणि मी त्याच दिवशी निघायचं. दोन महिन्यांनी बोटं गिअरपुरती वाकायला लागली आणि मी परत गाडीवर गेलो, दुसऱ्या मालकाकडे. तेव्हापासून दीड वर्ष झालं. घरात मी कुणावर हात उचललेला नाही. एकदा फोन भिंतीवर आपटला आणि फुटला. त्या दिवशी बायकोने खरंच ताईला फोन केला आणि मी चार दिवस रेवदंड्याकडे राहून आलो.

सुट्टीच्या दिवशी मी ओटीवर युकुलेले घेऊन बसतो. आता चार-पाच कॉर्ड स्वच्छ लागतात आणि आवाज रस्त्यापर्यंत जातो. परवा बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी होती. तिला ऐकवावं म्हणून मी छेडायला हात उचलला, तशी ती एक पाऊल मागे सरली. तिला ते कळलंही नसावं. मी हात मांडीवर ठेवला.  मग तिला दिसेल असा, अगदी सावकाश, हात पुन्हा तारांपर्यंत नेला आणि नख टेकवलं. ती तिथेच उभी राहिली, एक पाऊल मागे.